स्थळ आणि दृष्टी : ट्रिशा ब्राऊनच्या नृत्यरचनेचा विचार

१

नृत्याच्या समीक्षेत देह, लय, आकृती आणि भाव यांचा विचार जितक्या बारकाईने केला जातो, तितक्या बारकाईने स्थळाचा विचार क्वचितच केला जातो. नृत्य कोठेतरी व्हावयाचे असते एवढेच गृहीत धरून समीक्षक पुढे जातो. स्थळ म्हणजे पात्र आणि नृत्य म्हणजे त्यात ओतलेला रस. पात्र बदलले तरी रस तोच राहतो, अशी काहीशी समजूत या गृहीतामागे असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या कलावंतांनी ही समजूत मुळापासून तपासून पाहिली, त्यांत अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राऊन (१९३६–२०१७) हिचे स्थान अग्रभागी आहे. आज ज्या प्रकाराला स्थलनिष्ठ नृत्य म्हणतात, आणि प्रेक्षकाला आपल्या परिसरात ओढून घेणाऱ्या ज्या प्रकाराला ‘इमर्सिव्ह’ हे नाव पडले आहे, त्या दोहोंच्या इतिहासात तिचे नाव आरंभीच घ्यावे लागते.

तथापि तिच्या कारकिर्दीची जी हकिगत सर्वत्र सांगितली जाते, ती तिच्या कार्याला न्याय देणारी नाही. या हकिगतीप्रमाणे ब्राऊनचे आयुष्य दोन खंडांत विभागलेले आहे. पहिल्या खंडात ती भिंती, छपरे, तलाव आणि रस्ते यांवर प्रयोग करते. १९७९ नंतरच्या दुसऱ्या खंडात ती नाट्यगृहाकडे वळते व चौकटीच्या रंगमंचासाठी रचना करू लागते. या वळणाला कोणी परिपक्वता म्हणतात, कोणी तडजोड. दोन्ही मतांत एक भ्रम समान आहे. तो असा की, स्थळ म्हणजे नाट्यगृहाबाहेरची जागा, आणि नाट्यगृह म्हणजे स्थळाचा अभाव. ब्राऊनच्या रचना काळजीपूर्वक पाहिल्या तर उलटेच आढळते. तिने नाट्यगृहही एक स्थळ म्हणूनच वापरले, आणि भिंतीला जो प्रश्न विचारला होता तोच चौकटीलाही विचारला. हा प्रश्न कोणता, आणि स्थलनिष्ठ म्हणविणाऱ्या आजच्या नृत्याच्या मूल्यमापनाला त्याचा काय उपयोग आहे, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

ब्राऊनचा जन्म वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीन या गावी झाला. कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजातून १९५८ मध्ये तिने पदवी घेतली. १९६० च्या उन्हाळ्यात ती ॲना हॅल्प्रिन हिच्या शिबिरास उपस्थित राहिली. हॅल्प्रिनचे नृत्यपीठ टमाल्पाय पर्वताच्या उतारावर, झाडांच्या दाटीत, उघड्यावर बांधलेले होते. तेथे नर्तकाला चार भिंतींचा आधार नव्हता आणि आरशाचाही नव्हता. सिमोन फॉर्टी आणि इव्हॉन रेनर याही त्या शिबिरात होत्या. ब्राऊनने तेथे झाडू ढकलता ढकलता त्याच्या वेगाने आपले शरीर क्षणभर जमिनीला समांतर असे हवेत उचलले, ही आठवण तिच्या सहाध्यायिनी पुढे सांगत. आठवणीतला अतिशयोक्तीचा अंश वजा केला तरी तिच्या पुढील कार्याचे बीज त्यात दिसते. नित्याचे काम, साधे उपकरण, आणि गुरुत्वाकर्षणाशी घेतलेला एक पेच, असे ते बीज आहे.

१९६१ मध्ये ती न्यूयॉर्कला आली. मर्स कनिंगहॅमच्या स्टुडिओत रॉबर्ट डन हा जॉन केजच्या विचारांवर आधारलेला रचनेचा वर्ग घेत असे. त्या वर्गातूनच १९६२ मध्ये जडसन चर्चमधील नृत्यप्रयोगांची चळवळ उभी राहिली. चालणे, बसणे, पडणे, वस्तू उचलणे या रोजच्या हालचालींना नृत्याची प्रतिष्ठा मिळवून देणे हे त्या चळवळीचे सर्वपरिचित कार्य होय. भरताच्या परिभाषेत बोलावयाचे तर लोकधर्मीला नाट्यधर्मीच्या पंक्तीस बसविण्याचा तो प्रयत्न होता. परंतु लोकधर्मी हालचाल रंगमंचावर जशीच्या तशी आणली की तिचे नावीन्य लवकरच ओसरते, ही या प्रयत्नाची मर्यादा होती. चालणे हे शेवटी चालणेच राहते. ब्राऊनने या अडचणीतून काढलेली वाट तिच्या सहकाऱ्यांहून निराळी होती. तिने हालचाल बदलली नाही; हालचालीखालची जमीन बदलली.

३

१८ एप्रिल १९७० रोजी न्यूयॉर्कमधील वूस्टर स्ट्रीटवरील ८० क्रमांकाच्या इमारतीवर ‘इमारतीच्या भिंतीवरून खाली चालणारा माणूस’ ही रचना सादर झाली. गोदामे व कारखाने यांच्या त्या भागात चित्रकार आणि नर्तक मोकळ्या मजल्यांवर येऊन राहू लागले होते. जॉर्ज माचियुनस याने उभी केलेली कलावंतांची सहकारी वसाहत याच इमारतीत होती. पट्टे आणि दोर यांच्या आधाराने एक पुरुष छपराच्या कडेवरून पुढे झुकला, भिंतीशी काटकोन करून उभा राहिला आणि रस्त्याच्या दिशेने चालू लागला. तो उड्या मारीत नव्हता, लोंबकळत नव्हता, कसरत दाखवीत नव्हता. रस्त्यावरून जाणारा कोणीही जसा चालतो तसाच तो चालत होता. जमिनीवर पाऊल टेकताच रचना संपली.

या रचनेचे वर्णन धाडस म्हणून करणे सोपे आहे, आणि ते पुष्कळांनी केले आहे. परंतु धाडस हा तिचा विषय असता तर चालण्याच्या साधेपणाचा एवढा आग्रह धरण्याचे कारण नव्हते. जमिनीवर चालताना शरीर गुरुत्वाकर्षणाशी जो करार करीत असते तो आपल्या लक्षात येत नाही. भिंतीवर तोच करार पाळावयाचा म्हणजे प्रत्येक स्नायूला आपले काम नव्याने शिकावे लागते. टाच अगोदर टेकावी, हात सैल सुटावे, मान सरळ राहावी, यांतील प्रत्येक गोष्ट येथे कष्टाने मिळवावी लागते. सर्वांत सोपी हालचाल सर्वांत अवघड होते आणि म्हणूनच प्रथमच दिसू लागते. नृत्याची हालचाल येथे नर्तकाने शोधलेली नाही, भिंतीने त्याच्याकडून करवून घेतलेली आहे.

पुढच्याच वर्षी, मार्च १९७१ मध्ये, व्हिटनी वस्तुसंग्रहालयात सादर झालेल्या ‘भिंतीवरील चाल’ या रचनेत हा विचार आणखी एक पाऊल पुढे गेला. छताला बसविलेल्या रुळांवरून लोंबणाऱ्या पट्ट्यांत अडकून अनेक नर्तक लगतच्या दोन भिंतींवरून चालत, एकमेकांना ओलांडीत, थांबत. त्यांच्या चालण्यातील सहजता इतकी पटणारी होती की, काही वेळाने प्रेक्षकाला आपण उंच इमारतीच्या गच्चीवरून खाली रस्त्यावरची वर्दळ पाहत आहोत असा भास होई. नर्तकाच्या देहाने पत्करलेला तोल आता प्रेक्षकाच्या देहात संक्रांत झाला. प्रेक्षक आपल्या जागी उभाच होता; त्याला कोणी हात धरून आत नेले नव्हते, आणि तरीही त्याच्या पायाखालची जमीन फिरली होती. प्रेक्षकाला वेढणारे नृत्य म्हणजे काय, याचे इतके शुद्ध उदाहरण विरळा.

‘अरण्याची भूमी’ (१९७०) या रचनेतही प्रेक्षकाच्या देहाची अशीच दखल घेतलेली आहे. दोरांचे एक आडवे जाळे डोळ्यांच्या पातळीवर टांगलेले असे. त्यात सदरे, विजारी आणि झगे ओवलेले असत. नर्तक त्या जाळ्यावर आडवे होऊन एकेका कपड्यात शिरत व त्यातून बाहेर पडत. कपडे घालणे ही रोजची क्रिया आडव्या पातळीवर येताच घामाघूम करणारी झटापट होऊन बसे. पाहणाऱ्याला खाली वाकून किंवा टाचा उंचावून पाहावे लागे. १९७१ मधील एका प्रयोगात तर या जाळ्याखाली जुन्या वस्तूंचा विक्रीबाजार भरविलेला होता. वर नृत्य चालू आहे आणि खाली लोक वस्तू उलथीपालथी करीत आहेत. पाहावे की घ्यावे, हा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा होता. प्रेक्षकाचे लक्ष हे गृहीत धरण्याचे द्रव्य नसून रचनेतच वाटून द्यावयाचे द्रव्य आहे, ही जाणीव येथे प्रथम स्पष्ट होते.

४

याच जाणिवेची परिणती ‘छपरांची रचना’ या नृत्यात झाली. ११ मे १९७१ रोजी वूस्टर स्ट्रीटपासून लाफायेट स्ट्रीटपर्यंतच्या छपरांवर नर्तक एकेकटे उभे राहिले. पहिल्याने काही हालचाली केल्या. दुसऱ्याने त्या दुरून पाहून जशा दिसल्या तशा केल्या. तिसऱ्याने दुसऱ्याच्या केल्या. याप्रमाणे सुमारे पंधरा मिनिटे हालचालींचा प्रवाह एका दिशेने वाहिला, नंतर तितकाच वेळ उलट दिशेने. १९७३ मध्ये वेगळ्या छपरांवर तिचा पुन्हा प्रयोग झाला.

या रचनेत तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली अशी की, हालचालींचे स्वरूप येथे अंतराने ठरविलेले आहे. दोन छपरांवरून ओळखू येईल एवढीच ठळक, निशाणाच्या खुणेसारखी हालचाल येथे टिकते. बोटांची नजाकत वाटेतच गळून पडते. दुसरी अशी की, पुढे जाता जाता नृत्य झिजते, आणि ती झीज हाच रचनेचा आशय आहे. मौखिक परंपरेत पाठभेद कसे निर्माण होतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या छपरांवर डोळ्यांदेखत घडणारा पाठभेदाचा इतिहास ओळखता येईल. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ही रचना संपूर्णपणे कोणालाच दिसत नाही. नर्तकाला केवळ आपल्या मागचा आणि पुढचा दिसतो. प्रेक्षक जेथे उभा असेल तेथून दोनचार छपरे दिसतात. संपूर्ण रचना ही कोणाच्याही अनुभवाची वस्तू नसून केवळ अनुमानाची वस्तू आहे.

यातून एक विपर्यास मात्र घडला. १९७३ च्या प्रयोगाचे बाबेट मॅन्गोल्ट हिने घेतलेले छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. पाण्याच्या टाक्या, धुराडी आणि त्यांच्यामधून दूरवर लहान लहान होत गेलेल्या मानवी आकृती, असे ते चित्र आहे. चित्र अप्रतिम आहे यात शंका नाही. परंतु जी रचना एका दृष्टिक्षेपात मावू नये अशीच बांधलेली होती, ती बहुसंख्य अभ्यासकांना एका दृष्टिक्षेपाच्या रूपातच परिचित आहे. स्थलनिष्ठ नृत्याच्या अभ्यासातील हा कायमचा धोका होय. प्रयोग विरून जातो, छायाचित्र उरते. आणि छायाचित्र हे नेहमी एका ठिकाणी उभ्या असलेल्या, सर्व काही पाहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकाचेच असते. म्हणजे ज्या प्रेक्षकाला ब्राऊनने रजा दिली होती, तोच छायाचित्राच्या वाटेने परत येतो.

५

आता १९७९ च्या वळणाचा विचार करता येईल. त्याआधी १९७५ मधील ‘लोकस’ या रचनेकडे पाहणे आवश्यक आहे. लोकस या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘स्थान’ असा आहे. या रचनेत प्रत्येक नर्तक स्वतःभोवती एका घनाची कल्पना करतो. घनावर सव्वीस बिंदू असून त्यांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे नेमून दिलेली आहेत. सत्ताविसावा बिंदू मध्यभागी असून तो शब्दांमधील मोकळ्या जागेचा आहे. ब्राऊनने स्वतःविषयीचे एक निवेदन घेऊन त्यातील अक्षरांच्या क्रमाने बिंदूंना स्पर्श करीत हालचाली रचल्या. भिंत किंवा छप्पर येथे नाही. परंतु देहाबाहेरचे, देहाला अडविणारे आणि त्याला दिशा देणारे एक ठिकाण आहेच. स्थळ आता नर्तकाबरोबर चालू लागले. जी स्थळाची कल्पना खांद्यावर घेऊन कोठेही जाता येते, ती घेऊन नाट्यगृहात जाण्यास काहीच प्रत्यवाय नव्हता.

नाट्यगृहात गेल्यावर ब्राऊनने प्रथम काय पाहिले? तिने कडा पाहिल्या. मिनीॲपोलिस येथील वॉकर कलाकेंद्रात १९७९ मध्ये सादर झालेली ‘ग्लेशियल डिकॉय’ ही रंगमंचासाठी केलेली तिची पहिली रचना. तिला संगीत नाही. पाठीमागे रॉबर्ट रौशेनबर्गची कृष्णधवल छायाचित्रे चार पडद्यांवरून एकापाठोपाठ सरकत जातात, आणि पुढे पांढऱ्या तलम झग्यांतील स्त्रिया एका विंगेतून येतात व दुसऱ्या विंगेत नाहीशा होतात. एक बाहेर सरकली की दुसऱ्या कडेने दुसरी आत येते. जणू नृत्याची एक लांबच लांब रांग विंगांच्या पलीकडेही चालू आहे आणि रंगमंचाच्या चौकटीत तिचा केवळ एक तुकडा सापडला आहे. छपरांच्या रचनेत जे अंतराने साधले, ते येथे चौकटीने साधले आहे. संपूर्ण रचना येथेही अदृश्यच आहे.

चार वर्षांनी, १९८३ मध्ये, ब्रुकलिन येथे सादर झालेल्या ‘सेट अँड रिसेट’मध्ये तिने हाच डाव उलटा खेळला. लॉरी अँडरसनचे संगीत आणि रौशेनबर्गची दृश्यरचना असलेल्या या नृत्यात विंगांचे पडदे पारदर्शक आहेत. प्रवेशाची वाट पाहणारा नर्तक, बाहेर जाऊन सैलावलेला नर्तक, हे सर्व दिसत राहतात. ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतील भेद पुसट होतो. रंगमंचाच्या कडेशी राहणे आणि दृश्य-अदृश्यतेशी खेळणे या नर्तकांना दिलेल्या मूळ सूचनाच होत्या. आरंभी तर सहकारी एका नर्तकीला आडवे उचलून धरतात आणि ती रंगमंचाच्या पाठीमागच्या भिंतीवरून चालत जाते. व्हिटनीतील भिंत येथे परत आली आहे. फरक इतकाच की दोरांची जागा माणसांच्या हातांनी घेतली आहे. ज्यांना १९७९ मध्ये कारकीर्द दुभंगलेली दिसते, त्यांनी या एका प्रवेशाचे स्पष्टीकरण द्यावयास हवे.

१९९४ मधील ‘इफ यू कुडन्ट सी मी’ या एकल नृत्यात ब्राऊनने संपूर्ण वेळ प्रेक्षकांकडे पाठ ठेवली. नाट्यगृहाच्या रचनेतील सर्वांत मूलभूत करार म्हणजे नर्तकाने समोर पाहावे आणि प्रेक्षकाने त्याच्या मुखाकडे पाहावे. तो एक करार काढून घेताच पाठ, खांदे आणि मणका यांना मुखाइतके बोलके व्हावे लागले. येथेही हालचालीचे नवेपण स्थळाच्या एका अटीतूनच जन्मले आहे. त्यामुळे भिंत, छप्पर, घन, विंग आणि समोरची दिशा ही ब्राऊनच्या दृष्टीने एकाच जातीची द्रव्ये आहेत असे म्हणणे प्राप्त होते. तिचा प्रश्न आरंभापासून अखेरपर्यंत एकच होता : ही जागा देहाला काय करू देत नाही, आणि डोळ्याला काय पाहू देत नाही?

६

या प्रश्नाचे महत्त्व ब्राऊनपुरते मर्यादित नाही. नाट्यशास्त्रात कक्ष्याविभागाची जी कल्पना आहे, तीत एकाच रंगपीठावर संकेताने अनेक स्थळे निर्माण होतात. नटाने परिक्रमण केले की नगराचे अरण्य होते. तेथे स्थळ हे कल्पनेचे कार्य आहे. आजच्या ‘इमर्सिव्ह’ प्रयोगांतील पुष्कळसे प्रयोग, बाह्यतः कितीही नवे दिसले तरी, याच कुळातील आहेत. पंचड्रंक या संस्थेचा ‘स्लीप नो मोअर’ हा प्रयोग २०११ ते २०२५ या काळात न्यूयॉर्कमध्ये चालला. मॅक्सिन डॉइल हिची नृत्ययोजना त्याला लाभली होती. मुखवटे घातलेले प्रेक्षक एका मोठ्या इमारतीतील दालनांतून मनास येईल तसे हिंडत आणि नर्तकांचा पाठलाग करीत. संपूर्ण प्रयोग कोणा एकाला दिसत नाही, हा ब्राऊनच्या छपरांचा धडा तेथेही गिरविलेला आहे, आणि नर्तकांची ताकद वादातीत आहे. परंतु इमारत तेथे हॉटेलाचे सोंग घेते. ब्राऊनच्या नृत्यात भिंत ही भिंतच असते, आणि म्हणूनच ती प्रतिकार करते. सोंग घेतलेले स्थळ प्रेक्षकाला भुलविते; प्रतिकार करणारे स्थळ त्याला जागे करते. दोन्ही परिणामांना कलेत जागा आहे, पण दोहोंना एकच नाव देणे ही समीक्षेची हयगय होय.

येथे एक आक्षेप संभवतो. स्थळ जर एवढे निर्णायक असेल, तर ब्राऊनच्या रचनांचे अन्यत्र झालेले पुनःप्रयोग निरर्थक ठरावयास हवेत. भिंतीवरून चालणारा माणूस २००६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नवर चालला. २०१० मध्ये व्हिटनीच्या भिंतीवरून एलिझाबेथ स्ट्रेब ही स्त्री चालली. २०११ मध्ये छपरांची रचना न्यूयॉर्कच्या हाय लाइन या उंचावरील उद्यानाभोवती सादर झाली. ‘अरण्याची भूमी’ २००७ मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात मांडली गेली. या आक्षेपाचे उत्तर सरसकट देता येणार नाही. भिंतीच्या रचनेतील अट ही उंची आणि गुरुत्वाकर्षण यांची आहे. ती कोणत्याही उंच भिंतीवर तशीच राहते. जे हरवते ते निराळे : गोदामांच्या ओसाड रस्त्यावर शेजाऱ्यांसाठी केलेली कृती वस्तुसंग्रहालयाच्या दर्शनी भागावर समारंभ होऊन बसते. उलट, १९७४ मध्ये मिनीॲपोलिसच्या लोरिंग उद्यानातील तळ्यात तराफ्यांवर निजून चार स्त्रियांनी केलेल्या ‘ग्रुप प्रायमरी ॲक्युम्युलेशन’चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ही रचना मुळात जमिनीवरची. तळ्यात चौघींच्या हालचाली तशाच राहिल्या, पण तराफे वाहवत व फिरत गेल्याने त्यांची एकरूपता पाण्याच्या मर्जीने विखुरली. नव्या स्थळाने येथे रचनेत काहीतरी केले.

ब्राऊनच्या अखेरच्या वर्षांत तिच्या संस्थेने ‘इन प्लेन साइट’ या नावाने तिच्या रचनांतील उतारे उद्याने, संग्रहालये व वास्तू यांच्या सान्निध्यात सादर करण्यास आरंभ केला. नावात स्थळ आणि दृष्टी यांवर श्लेष आहे, आणि तो यथार्थ आहे. वारसा जिवंत ठेवण्याचा हा मार्ग स्तुत्य असला तरी कसोटी तीच लावावी लागते : स्थळ काढून घेतले तर रचनेतील कोणता निर्णय बदलेल? एकही बदलत नसेल, तर हिरवळ आणि संगमरवर ही केवळ शोभा आहे, आणि नृत्य नाट्यगृहाबाहेर येऊनही नाट्यगृहातच राहिले आहे. एक जरी निर्णय बदलत असेल, तर ते नृत्य चौकटीच्या रंगमंचावर असले तरी स्थलनिष्ठ आहे.

अंगठ्याच्या हालचालीने सुरू होणाऱ्या एका लहानशा एकल नृत्यापासून १९९८ मध्ये ब्रुसेल्स येथे दिग्दर्शित केलेल्या मोंतेव्हेर्दीच्या ‘ऑर्फेओ’ या संगीतिकेपर्यंत ब्राऊनच्या कार्याचा विस्तार आहे. या संगीतिकेच्या नांदीत संगीताची देवता अधांतरी तरंगत येते. ती ज्या दोरावर तरंगते, त्याचे दुसरे टोक वूस्टर स्ट्रीटवरील छपराला बांधलेले आहे, हे विसरून तिच्या कारकिर्दीचे दोन तुकडे करण्यात अर्थ नाही.